अण्णांना थांबवलंय

साबळ्यांच्या घरात अण्णा सकाळी गेले, आणि दुपारपर्यंत सगळ्यांनी मिळून ठरवलं की ते गेलेले नाहीत.

ठरवायला फार वेळ लागला नाही. दारात मांडव उभा होता. मागच्या पडवीत आचाऱ्याने बुंदी पाडायला घेतली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ऋतुजाच्या डोक्यावर अक्षता पडायच्या होत्या. ऋतुजा म्हणजे अण्णांची नात, उत्तमची एकुलती एक मुलगी. नवरामुलगा मालवाहू जहाजावर इंजिनिअर. लग्न झालं की आठवड्याभरात तो जहाजावर चढणार आणि वर्षभर त्याचं तोंड दिसणार नाही. अशा घरात म्हातारा माणूस गेला की दहा दिवसांचं सुतक, आणि सुतकात लग्न होत नाही.

अण्णा परसदारी खुर्चीवर दाढी करायला बसले होते. तिथेच कलंडले. एका गालाची दाढी झालेली, दुसऱ्या गालाला फेस तसाच. घर पाहुण्यांनी भरलेलं. येणारी-जाणारी सगळी त्यांच्यासमोरून गेली. म्हातारबाबांचा डोळा लागला असं समजून कुणी अंगावर शाल टाकली. कुणी तर खुर्चीच्या पाठीवर ओला टॉवेल वाळत घातला. कुमुद चहा घेऊन गेली तेव्हा फेस सुकून गालाला चिकटला होता, आणि गाल गार होता.

कुमुद अण्णांची थोरली लेक. वाईजवळच्या याच कॉलनीत दोन गल्ल्या सोडून राहायची. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावरही शिकवायची खोड गेली नाही. दर रविवारी कॉलनीतली पोरं जमवून ती त्यांना उश्यांवर छाती दाबायला शिकवायची. शंका असली तरी दाबायला लागा, मेलेल्याला दाबल्याने तो आणखी मरत नाही, असं पोरांना सांगायची. त्याच नियमाने तिने बापाला खाली घेतलं आणि दाबायला लागली. ऋतुजा धावत जाऊन वाचनालयातला पट्टा घेऊन आली.

गेल्या पाच-सहा वर्षांत हे पट्टे गावोगाव झाले होते. एक कॉलनी, एक पट्टा. तो काय करतो हे समजायचं तर हृदय थांबतं म्हणजे काय होतं ते आधी समजायला हवं. पुष्कळ लोक म्हणतात, झटका आला. झटका वेगळा. त्यात हृदयाला रक्त पुरवणारी एखादी नळी तुंबते. माणूस छाती धरतो, घामाघूम होतो, पण बोलत असतो. हृदय थांबणं म्हणजे हृदयातली वीज बिघडणं. तेव्हा माणूस बोलता बोलता कोसळतो आणि हाकेला ओ देत नाही.

पोरांना समजावताना कुमुद लेझमीचं उदाहरण द्यायची. हृदयातल्या लाखो पेशी म्हणजे लेझीम पथक. ताल एक, तर खेळ होतो आणि रक्त पुढे जातं. वीज बिघडली की प्रत्येक पोर आपापल्या मनाने लेझीम हलवायला लागतं. हालचाल पुष्कळ, पण रक्त एक थेंब पुढे जात नाही. अशा वेळी गुरुजी काय करतात? जोरात शिटी मारतात. सगळे गप्प होतात आणि पहिल्या ठोक्यापासून पुन्हा सुरू करतात. विजेचा धक्का म्हणजे ती शिटी. आणि शिटी वाजेपर्यंत मेंदूला रक्त मिळत राहावं म्हणून आपण बाहेरून छाती दाबायची. मेंदू उपाशी राहिला तर चार-पाच मिनिटांत मरायला लागतो.

"आणि मैदानात पोरंच नसली तर?" असं एखादं पोर हमखास विचारायचं.

"मग शिटी मारून उपयोग नाही," कुमुद सांगायची.

पट्टा ही दोन्ही कामं करायचा. छातीभोवती गुंडाळला की तो माणसापेक्षा चांगला दाब द्यायचा, न थकता द्यायचा, आतली वीज वाचायचा आणि गरज असेल तर धक्काही द्यायचा. त्याच्या काचेवर तीन रंग दिसायचे. हिरवा म्हणजे हृदय आपल्या आपण चालतंय. पिवळा म्हणजे ताल बिघडलाय, धक्का लागू पडेल. राखाडी म्हणजे मैदान रिकामं.

अण्णांच्या काचेवर पहिल्यापासून राखाडी रंग होता. फोनच्या पडद्यावर डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट पाहिलं, अर्धा तास वाट पाहिली आणि म्हणाल्या, "बराच वेळ आधी गेलेत हो. आता घरच्यांनी ठरवा."

या 'घरच्यांनी ठरवा'मध्येच सगळी गोम होती. लोकांनी घाईघाईने हात टेकू नयेत म्हणून सरकारने भल्या हेतूने नियम केला होता. पट्टा चालू आहे तोवर मृत्यूचा दाखला निघणार नाही. तो बंद करायचा अधिकार फक्त सख्ख्या नातेवाइकाला. त्याने काचेवर अंगठा टेकवला की पट्टा थांबणार, आणि ती वेळ हीच मृत्यूची वेळ. नियमाने काही जीव वाचले, हे खरंच. पण लोकांनी वर्षाच्या आत त्यातली फट शोधून काढली. मुलगा अमेरिकेहून येईपर्यंत, पंचक संपेपर्यंत, अमावास्या टळेपर्यंत मेलेल्या माणसांच्या छात्या दाबल्या जाऊ लागल्या. भाषेत एक नवा शब्दही रुळला. लोक अगदी सहज सांगायचे, "आमच्या मामांना दोन दिवस थांबवलं होतं."

उत्तमने खोलीचं दार लावून घेतलं.

"अक्का, अंगठा टेकवू नकोस."

"उत्तम, राखाडी आहे. मघापासून राखाडीच आहे."

"दिसतंय मला. मी काय रंगांधळा आहे?" तो आवाज खाली आणून म्हणाला, "फक्त देवक बसेपर्यंत. चारचा मुहूर्त आहे."

उत्तमची बायको शैला डोळे पुसत होती, पण बोलणं स्वच्छ होतं. "वन्सं, देवक बसलं की सुतक बाधत नाही. सगळ्या जगाला माहीत आहे."

ते खरंच सगळ्यांना माहीत होतं. देवक म्हणजे कुळाच्या झाडाची डहाळी मांडवात पुजून देवाला कार्याचं बोलावणं करायचं. देव एकदा येऊन बसला की कार्य उठवायचं नाही, मग घरात काही का होईना. चारला देवक बसणार, आणि अण्णा सात-आठच्या दरम्यान केव्हातरी गेलेले. मधले हे आठ-नऊ तास काय ते अडचणीचे होते.

"अण्णांना विचारलं असतंस तर तेही हेच म्हणाले असते," उत्तम म्हणाला. "नातीसाठी दोन दिवस कळ काढली असती त्यांनी."

"कळ काढायला आत माणूस लागतो."

"तुझं काय जातंय गं? लग्न झालेल्या लेकीला तीन दिवसांचं सुतक. तीन दिवसांनी तू डोकं धुऊन मोकळी. माझी पोरगी बसेल वर्षभर घरात. आणि थांबलेलं लग्न पुन्हा होतं का, ते तूच सांग."

कुमुदने दाराकडे पाहिलं. दाराच्या फटीतून ऋतुजा दिसत होती. मेंदी भरलेल्या हातांनी तिने पट्टा आणला होता, आणि आता ते हात कुठे ठेवावेत हे न कळून अवघडून उभी होती. कुमुदने अंगठा मुठीत घेतला आणि मूठ पदराखाली.

सगळं त्या मुठीपासून सुरू झालं, असं तिला पुढे वाटत राहिलं.

अण्णांना मधल्या खोलीत पलंगावर ठेवलं. पट्ट्याची तार भिंतीतल्या प्लगात खोचली. फुस्स… धप्. फुस्स… धप्. दर दाबाला पोट वर यायचं, मान उजवीकडे लुढकायची आणि तोंडातून हवा बाहेर पडायची. त्या हवेला सकाळच्या दुधाचा आंबूस वास होता. म्हणून कुणीतरी उदबत्तीचा अख्खा पुडा पेटवून ठेवला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून सनई मोठी केली. राहिलेल्या गालाची दाढी शैलाच्या भावाने उरकली. धक्क्याने वस्तरा लागला. कापलं तिथून रक्त वाहिलं नाही, नुसतं पाझरलं. "बघा, रक्त आलं," तो समाधानाने म्हणाला. त्याने वर तुरटीही फिरवली.

अकराच्या सुमारास नवऱ्यामुलाच्या वडिलांचा, जगदाळ्यांचा फोन आला. त्यांना सगळं कळलं होतं, आणि त्यांनी सगळ्याचा विचारही करून ठेवला होता.

"देवकाचं ठीक आहे हो, उत्तमराव. पण देवक बसल्यावर तुम्ही त्यांना मोकळं करणार, म्हणजे घरात प्रेत. प्रेत दारातून निघालं आणि त्याच दारातून वरात, बरं दिसेल का ते? आमचे पाहुणे कऱ्हाडचे. उद्या अक्षता पडेपर्यंत राहू द्या थांबवून. एका रात्रीचा तर प्रश्न."

"चालेल की," उत्तम म्हणाला. जेवणात अळूची भाजी ठेवू का विचारल्यावर माणूस म्हणेल, तसं.

म्हणजे चार वाजेपर्यंतचा करार उद्या दुपारपर्यंत गेला. कुमुदला कुणी विचारलंही नाही.

दुपारी हळद लागली. हळदीनंतर नवरीने थोरांच्या पाया पडायचं असतं. उत्तम ऋतुजाला घेऊन मधल्या खोलीत आला. मागोमाग फोटोवाला. तोवर अण्णांच्या डोक्यावर फेटा चढला होता. रोजचा नव्हे, चांगला लग्नातला, गुलाबी, वर तुरा सोडलेला. दर धपेला तुरा डुलायचा.

"वाक, बाळा," उत्तम म्हणाला. ऋतुजा वाकली. त्याने अण्णांचा हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. पट्टा चालूच होता. त्यामुळे तो हात तिच्या केसांवर थाप मारत राहिला. थाप. थाप. थाप.

"बघा कसा आशीर्वाद देतायत," शैलाची मावशी गहिवरून म्हणाली. "जाणीव आहे हो सगळी."

"काका, जरा डावीकडे," फोटोवाला म्हणाला, आणि उत्तमने अण्णांची मान डावीकडे केली.

ऋतुजा मान वर न करता तशीच थांबली होती. हात बाजूला काढल्यावर ती उठली आणि तिने आत्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. एखाद्याच्या ताटात घाण पडावी, सगळ्यांनी ती पाहावी आणि जेव म्हणावं, तेव्हा माणूस जसं पाहील तसं ती पाहत होती.

कुमुद परसात गेली आणि धुण्याच्या दगडाशी ओकली. सकाळपासून पोटात चहाखेरीज काही नव्हतं. नुसतं कडू पाणी पडलं.

थिटे गुरुजी तिथेच हात धूत होते. देवकाची तयारी करायला आले होते.

"गुरुजी, तुम्हाला हे चालतं?"

गुरुजींनी उपरण्याला हात पुसले. "बाई, प्राण गेला की सुतक. आता प्राण केव्हा गेला ते मी कोण सांगणार? पूर्वी नाडी बघायचे. आता यंत्र बघतात."

"यंत्र तर राखाडी दाखवतंय."

"मला रंगांतलं काय कळतंय?" गुरुजी म्हणाले. "पाच घरं मागे आहेत अजून." आणि आंब्याच्या डहाळ्या मोजायला निघून गेले.

तीनच्या सुमारास मांडवात गडबड झाली. अशपाक शिकलगार हा मांडववाला. या घरातली सगळी कार्यं त्याच्याच मांडवाखाली झालेली. हळदीच्या वेळचं पाणी मांडवातच सांडलं होतं, जमीन चिखल-चिखल झाली होती. त्यात लोखंडी खांबाला शिडी लावून तो दिव्यांच्या माळा जोडत होता. कुठली तरी सोललेली तार खांबाला टेकली. तो ओरडलाही नाही. शिडीसकट खाली आला, आणि एक हात खांबाला तसाच चिकटून राहिला.

कुमुद धावली. "हात लावू नका त्याला. मेन बंद करा."

उत्तम दारात उभा होता. मेन त्याच्या हाताजवळ, चौकटीच्या आत. तो हलला नाही.

"मेन कसा बंद करणार? आत पट्टा चालू आहे."

"पट्ट्याला बॅटरी आहे, उत्तम."

"आणि ती उतरली तर? उद्यापर्यंत पुरायला हवी की नको?"

तो हे बोलत असताना त्याच्या बगलेखालून एक पिवळा हात आला आणि खटका खाली ओढला. सनई बंद पडली. ऋतुजा होती. हळदीच्या अंगाने नवरीने उंबरा ओलांडायचा नसतो. मावशी मागून तेच सांगत होती. तोवर ती मांडवात पोचलीही होती.

अशपाक उताणा पडला होता. डोळे उघडे, नजर कुठेच नाही. मधूनच तोंड उघडून तो घर्रकन हवा ओढायचा.

"श्वास चालू आहे," कुणीतरी म्हणालं. "पाणी पाजा."

"कांदा फोडा, नाकाला लावा."

"तोंडात काही घालू नका," कुमुद म्हणाली. "हा श्वास नाही. पाण्याबाहेर काढलेली मासळी तोंड उघडते, तसं आहे हे. मेंदूला रक्त मिळेनासं झालं की शरीर असं करतं, आणि लोक फसतात. नाडी नाहीये. याला सतरंजीवर घ्या, कोरड्या जागी." मग ऋतुजाकडे वळून ती म्हणाली, "दाब तू. छातीच्या मधोमध. हात सरळ."

ऋतुजा गुडघ्यावर बसली आणि दाबायला लागली. लहानपणी उशीवर शिकलेली, पण अंगात भिनलेलं होतं. जोरात, भराभर, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ देत. अशपाकच्या पांढऱ्या सदऱ्यावर तिच्या तळव्यांचे पिवळे ठसे उमटत गेले.

कुमुदला हे कळत होतं की याचं मैदान रिकामं नाही. चाळिशीचा धट्टाकट्टा माणूस, बाहेरची वीज लागून ताल बिघडलेला. अशी माणसं शिटीची वाट बघत असतात. दाबून ती वाट बघायला लावता येते, पण शिटी हातांनी वाजत नाही. धक्का देणाऱ्या जुन्या पेट्या पट्टे आल्यावर भंगारात गेल्या होत्या. दुसरा पट्टा पलीकडच्या गावात, तिथे मोटरसायकल पिटाळली होती. ती यायला अर्धा तास. साताऱ्याहून रुग्णवाहिका यायला त्याहून जास्त.

कुमुद घरात शिरली. मधल्या खोलीच्या दारात उत्तम आडवा झाला. दोन्ही हात चौकटीला लावून.

"अक्का, त्याला जीपमध्ये घालू. मी पैसे देतो. साताऱ्याला मोठ्या दवाखान्यात न्या."

"साताऱ्याला प्रेत पोचेल."

"दुसरा पट्टा येतोय."

"तोवर त्याचा मेंदू गेलेला असेल."

"मग काय, मांडववाल्यासाठी बापाला मारणार?"

हे वाक्य त्याने हळू म्हटलं नव्हतं. बाहेर, खिडकीपाशी, अशपाकची माणसं उभी होती. त्यांतल्या एकाने मान खाली घातली. जणू काही नको ते आपणच ऐकलं.

"बाप सकाळी गेला, उत्तम," कुमुद म्हणाली. "आपण सगळे त्याच्यासमोरून गेलो. मीही दोनदा गेले. बाजूला हो."

"चार वाजायला तासही राहिला नाही गं," त्याच्या आवाजात आता रडं होतं. "एवढं देवक बसू दे. मग घेऊन जा. मी अडवणार नाही."

तो खरोखर विनवत होता, आणि हेच कुमुदला सगळ्यांत किळसवाणं वाटलं. तो दुष्ट असता तर सोपं गेलं असतं. मुंज असो, बारसं असो, सगळ्यांची सोय बघणारा, बहिणीला दर भाऊबीजेला घ्यायला येणारा असा हा भाऊ. आणि त्याच्या लेखी मांडवात निपचित पडलेला माणूस मुहूर्ताला आडवी आलेली मांजर झाला होता.

ती त्याच्या हाताखालून वाकून आत गेली. त्याने तिचा पदर धरला. धरून ठेवला नाही.

तिने काचेवर अंगठा टेकवला. यंत्राने बायकी आवाजात विचारलं, "मृत्यू नोंदवायचा आहे का?" तिने पुन्हा टेकवला. "आपली खात्री आहे का?" तिसऱ्यांदा टेकवला.

फुस्स झालं, आणि धप् झालं नाही.

इतक्या वेळात पहिल्यांदा अण्णा मेलेल्या माणसासारखे दिसले. कुमुदने पट्ट्याच्या कड्या सोडल्या. पट्टा सहज निघेना. घाम नव्हे, कातडीतून पाझरलेली लस होती. कातडी सोलवटून पट्ट्याच्या आतल्या कापडाला चिकटली होती. ती ओढून काढताना ओला, फाटल्यासारखा आवाज झाला. खाली छाती खोलगट झालेली, बरगड्या मोडून आत गेलेल्या, आणि काखेपासून काखेपर्यंत काळानिळा आडवा वळ. गुलाबी फेट्याखालचं तोंड अर्धं उघडं. ज्यांना तिने सकाळी कुशीत घेऊन जमिनीवर ठेवलं होतं, त्यांची ही अवस्था तिच्याच मुठीने केली होती. ते बघत बसायला वेळ नव्हता. तिने पट्टा आपल्या पातळाला पुसला आणि बाहेर धावली.

ऋतुजा थकली नव्हती. दुसरं कुणी पुढे झालंही नव्हतं. हळदीची नवरी घामाने भिजून पिवळी ओघळत होती. कुमुदने अशपाकचा सदरा फाडला, छाती टिपून कोरडी केली, दोघींनी मिळून पट्टा गुंडाळला. काच उजळली. पिवळा.

"सगळे लांब व्हा. कुणाचा हात लागलेला नको."

धक्का बसला. अंग उडालं. पट्टा पुन्हा दाबायला लागला. पिवळा. पट्टा थांबला, त्याने आतली वीज वाचली, पुन्हा धक्का दिला. मागच्या पडवीत बुंदी पाडणाऱ्या झाऱ्याचा आवाज चालूच होता.

काच हिरवी झाली.

पट्टा आपोआप थांबला. अशपाकच्या गळ्यावर ठेवलेल्या कुमुदच्या बोटांना ठोका लागला. आधी बारीक, मग चांगला. थोड्या वेळाने त्याने नीट श्वास घेतला, खोकला, आणि हात हलवून कुणाला तरी बाजूला सारायचा प्रयत्न केला. त्याच्या माणसांपैकी एकाने तो हात आपल्या हातात घेतला.

मोटरसायकलवाल्याचा फोन आला. दुसऱ्या गावातला पट्टाही मोकळा नव्हता. तिथे एका आजींना थांबवलं होतं, मुलगा परदेशातून यायचा होता म्हणून.

"अक्का." उत्तम मांडवात आला होता. कानाला फोन. तिकडून कुणीतरी भराभर बोलत होतं, आणि तो 'हो, हो' करत होता. मग त्याने फोन छातीशी धरला आणि खाली वाकून, आजारी माणसाजवळ बोलावं तशा हलक्या आवाजात म्हणाला, "जगदाळे म्हणतायत, तासाभरात परत लावला तर नोंद रद्द होते. पट्टा नुसता सरकला असं धरतात. त्यांनी मेव्हण्याच्या वेळी केलंय." तो अशपाकच्या छातीकडे बघत होता. "याचं आता हिरवं झालं ना? मग याला काय गरज पट्ट्याची?"

अशी माणसं तासाभरात पुन्हा कोसळू शकतात, दवाखान्यात पोचेपर्यंत पट्टा अंगावरून काढायचा नसतो, हे उत्तमला ठाऊक होतं. कुमुदने आयुष्यभर न कंटाळता समजावून सांगितलं होतं, मठ्ठातल्या मठ्ठ पोराला सुद्धा. आता तिने नुसती अशपाकच्या मनगटावर बोटं ठेवली.

ऋतुजा उठली. तिने बापाच्या हातातला फोन घेतला. त्याच्या काचेवर हळदीची बोटं उमटली.

"काका, मी ऋतुजा बोलतेय. आमचे अण्णा गेले."

पलीकडून जगदाळे काय म्हणाले ते सगळ्यांना ऐकू आलं. ते तसे मोठ्यानेच बोलायचे. "अगं, कधी? आत्ता तर तुझे वडील…"

"सकाळी गेले. दाढी करताना."

"हे बघ, बेटा, तू लहान आहेस. घाईने काही बोलू नकोस. नीट विचार कर. मुलगा एकदा जहाजावर चढला की…"

"विचारच करतेय, काका," ती म्हणाली. "तुमच्या घरात मला काही झालं, तर तुमच्या सोयीसाठी तुम्ही मला किती दिवस थांबवाल, त्याचा."

'असं कधी होणार नाही,' असं पलीकडून कुणी म्हणालं नाही. मागे एक बाईमाणूस दबक्या आवाजात पुढचा मुहूर्त केव्हाचा ते विचारत होतं, तेवढं ऐकू आलं. मग ऋतुजाने फोन बंद करून बापाच्या हातात दिला आणि अण्णांना आंघोळ घालायला पाणी तापवायला आत गेली.

उत्तम तिथेच उभा. नजर पट्ट्यावरच.

"म्हणजे आता नाहीच लावायचा?" त्याने बहिणीला विचारलं.

कुमुदच्या तोंडात पुन्हा ते कडू पाणी आलं. सकाळपासून तिने कितीतरी वेळा गिळलं होतं. या वेळी गिळलं नाही. भावाच्या पायापाशी ती थुंकली, आणि अशपाकच्या मनगटावरची बोटं तिने उचलली नाहीत.